शेख सर आणि धाकट्या भावाचं हृदय

शेख सरांनी मला माझ्या नावानं कधी हाक मारल्याचं आठवत नाही. मारेगावच्या शाळेत मी भूगोल शिकवायची, म्हणून मी 'भूगोल'. काळे सर 'गणित', आणि चित्रकलेचे बिचारे नुसतेच 'रंग'. "काहो भूगोल, चहा थंडा होऊन राह्यला ना!" असं स्टाफरूमच्या दारातून ते ओरडले की नवीन आलेला शिक्षक चपापून इकडेतिकडे पाहायचा. मुख्याध्यापकांना तेवढं साहेब म्हणायचे, पण तेही अशा सुरात, की त्यापेक्षा विषयाचं नाव घेतलं असतं तर बरं, असं साहेबांनाच वाटत असावं. ते स्वतः जीवशास्त्राचे. उंच, हाडापेरानं मजबूत, डोक्यावर टक्कल, आणि शर्टाच्या खिशात कायम सरकी. बोलता बोलता खिशात हात घालून सरकीचे दाणे चाळवायची सवय होती. धुण्याच्या वेळी बायकोच्या किती शिव्या खाल्ल्या असतील ते त्यांचं त्यांना माहीत.

त्यांचं सगळं चरित्र मला येत नाही आणि सांगायचंही नाही. शाळेत एका टेबलावर आणि घरी एका भिंतीपलीकडे मला जेवढे दिसले तेवढे सांगते. आणि मी फाटक्या तोंडाची बाई आहे, कौतुक करायला बसले तरी मधे एखादा टोला बसणारच. त्यांना त्याची सवय होती.

आनुवंशिकता शिकवायची वेळ आली की सर फळ्याकडे बघतसुद्धा नसत. पोरांना सांगायचे, "उद्या येताना घरच्या वावरातून दोन-दोन पऱ्हाट्या उपटून आना. एक चांगली, एक वाईट. अन् दोन्ही एकाच पाकिटातल्या बियाण्याच्या पाह्यजेत." दुसऱ्या दिवशी वर्गात कपाशीचं रान माजायचं. शिपाई कपाळावर हात मारून घ्यायचा. मग सर एकेका पोराला उभं करून विचारायचे, बियाणं एक, माती एक, पाऊस एक, खत एक, मग हिच्यावर लाल्या रोग आला आणि तिच्यावर नाही, असं काहून? पोरं म्हणायची पाणी कमी पडलं असेल, कडेचं झाड असेल. "तेही असनच," सर म्हणायचे. "पन थोडा फरक झाडाच्या आतही असते. डोयाले दिसत नाही म्हनून नसते असं नाही, लेकाहो." ती सगळी कपाशीच्या धिंडवड्याची वर्षं होती. बोगस बियाण्याची पाकिटं घरोघर, जिनिंगची धुराडी थंड, वेचणीच्या दिवसांत अर्धा वर्ग रिकामा. जिल्ह्याचं नाव पेपरात रोज यायचं आणि एकाही चांगल्या कारणासाठी यायचं नाही. अशा दिवसांत पऱ्हाटीकडे बघून पोरांना हसू येईल असा तास फक्त त्यांचाच व्हायचा.

सरांच्या दोन्ही किडन्या तेव्हाच अर्ध्याहून जास्त गेल्या होत्या. मीठ बंद, पाणी मोजकं, चहा थर्मासच्या झाकणात मावेल तेवढा. मूळचा माणूस चमचमीत खाणारा. मी डबा उघडला की खुर्ची ओढून समोर येऊन बसायचे. "भूगोल, आज काय हाय? सांबारवडी? खा. खा अन् सांगा. मीठ बराबर पडलं का? लिंबू कोणत्या बाजूनं लागते?" मी एकदा वैतागून म्हटलं, "सर, मला सुखानं गिळू द्या की." तर गंभीरपणे म्हणाले, "तुमी खाता, मी ऐकतो. माह्या किडनीले ऐकाले मनाई नाही." तेव्हापासून मीही मुकाट्यानं सांगायला लागले. माझ्या स्वैपाकाला इतकं मन लावून दुसऱ्या कोणी विचारलं नव्हतं, घरच्यांनी तर नाहीच. काळे सरांनी त्यांच्यासाठी कळंबच्या चिंतामणीला नवस बोलला तर म्हणाले, "उपकार झाले, गणित. किडनीचं सांगतलं त हृदयाचंही सांगून ठेवा. आमच्या घरचे लोक किडनीनं बिमार पडते अन् हृदयानं मरते."

हे ते विनोदानं बोलले, पण ते खरं होतं. त्यांचं मूळ गाव मुकुटबन. वडील जिनिंगमध्ये फिटर होते. त्यांचे पाय सुजायचे, तोंड सुजायचं, आणि एके सकाळी दाढी करता करता छातीला हात लावून खाली बसले ते उठलेच नाहीत. मग मोठा भाऊ, करीमभाई. ते गावीच शेती करत. त्यांचेही पाय सुजायचे. एका दुपारी फवारणी करताना पऱ्हाटीतच कोसळले. आता त्या वर्षांत वावरात माणूस पडलेला दिसला आणि बाजूला फवारणीचा पंप दिसला, की कोणाला काही विचारावंच लागत नव्हतं. औषध पिऊन जीव दिला, असं लोकांनी ठरवूनच टाकलं. बायकांनी ठरवलं, पोलीस पाटलानं ठरवलं, आलेल्या जमादारानंही जवळजवळ ठरवलंच होतं. मी तेव्हा सरांच्या बायकोसोबत मुकुटबनला गेलते, म्हणून हे माझ्या डोळ्यांसमोर झालं. सर तिथं पोचले आणि म्हणाले, असं लिहू नका, डॉक्टरला नीट पाहू द्या. गावातल्या एका पुढाऱ्यानं त्यांना बाजूला घेतलं. म्हणाला, "सर, कायले अडून राह्यले? जे झालं ते झालं. तसं लिहिलं त सरकारची मदत तरी भेटन पोराईले."

सर त्याच्यावर ओरडले नाहीत. त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "भाऊ, तुमी चांगल्या मनानं बोलता. पन करीमभाई जीव द्याले गेला नव्हता, पऱ्हाटी वाचवाले गेलता. अन् आज खोटं कारन लिहिलं त माह्या दुसऱ्या भावाले खरं कारन कोन सांगन?" शवविच्छेदन झालं. हृदयच निघालं. त्या दिवशी मला या माणसाचा इतका अभिमान वाटला की परतीच्या एसटीत मी त्यांच्याशी एक शब्दही तिरका बोलले नाही.

दुसरा भाऊ म्हणजे युनूस. धाकटा. मारेगावच्याच रस्त्यावर त्याचं ट्रॅक्टर दुरुस्तीचं गॅरेज. सरांच्या उलट सगळं. ठेंगणा, गोरा, हसरा, तोंडात सतत तंबाखूचा खर्रा, मटणाच्या रश्श्यावर वरून मीठ भुरभुरणारा. त्याची एक पक्की समजूत होती. आमच्या भागात तेव्हा किडनीचे रोगी घरोघर निघत होते आणि मुकुटबनकडचं पाणीच वाईट, असं सगळेच म्हणत. त्यात तथ्य नव्हतं असंही नाही. पण युनूसनं त्यावर आपलं सगळं आयुष्य टांगून ठेवलं होतं. तो लग्नाआधीच गाव सोडून आला होता, म्हणजे तो सुटला. मुकुटबनला कोणाच्या मैतीला, कोणाच्या लग्नाला गेला तरी सोबत मारेगावचं पाणी न्यायचा. तिथल्या चहालासुद्धा तोंड लावायचा नाही. आणि इकडे येऊन दुप्पट मीठ खायचा.

"मैंने वो पानी कब का छोड दिया ना, भाईजान," तो म्हणायचा.

"पानी छोड दिया रे," सर म्हणायचे, "अब्बा को कैसे छोडेगा?"

भिंतीपलीकडून हे मी इतक्यांदा ऐकलं, की पुढचं वाक्यही मला पाठ होतं. युनूस म्हणायचा, "तुमचा मास्तरपना शाळेत ठेवा," आणि फटफटीला किक मारून निघून जायचा. जिना चढला की मात्र त्याला दम लागायचा. ते सरांनी पाहिलं होतं, मीही पाहिलं होतं. सरांच्या जिवाला तोच एक घोर होता. स्वतःच्या किडन्यांबद्दल ते जितक्या सहज बोलत, तितकं युनूसबद्दल बोलता येत नसे.

त्याच सुमारास एका मोठ्या दवाखान्याची तुकडी तालुक्यात आली. किडनीच्या रोग्यांचं आणि त्यांच्या घरच्यांचं रक्त घ्यायचं, हृदय तपासायचं, असं त्यांचं काम होतं. तुकडीतली तरुण डॉक्टरीण आमच्या शाळेच्या ओट्यावर बसून लोकांना समजावत होती. किडनी बिघडली की हृदयालाही धोका वाढतो. पण सगळ्यांना सारखा नाही. एकाचं हृदय लवकर जातं, दुसऱ्याचं टिकतं. मीठ, तंबाखू, रक्तदाब, साखर ही कारणं असतातच, पण जन्मतः रक्तातून आलेले बारीक बारीक फरकही असावेत, आणि ते कोणते हे आम्ही शोधतोय, असं ती म्हणाली. सर पहिल्या रांगेत बसून शाळकरी पोरासारखे हात वर करून विचारत होते. मला आमच्या घराचा निकाल कळेल का? ती म्हणाली, नाही सर, हे पुष्कळ लोकांचं मिळून पाहायचं असतं, एकेकट्याला सांगण्याइतकं ते अजून पक्कं नाही. आणि उद्या सापडलं तरी धोका थोडा जास्त की थोडा कमी एवढंच कळेल, अमक्याला होणारच असं नाही. माझ्या मते ही उडवाउडवी होती आणि मी तसं बोललेही. सर माझ्यावरच उखडले. "भूगोल, पाऊस येऊ शकते अन् पाऊस येते, यातला फरक तुमाले मी शिकवू काय?"

सरांनी रक्त दिलं, छातीवर पट्टे लावून घेतले, सोनोग्राफी करून घेतली. आणि गंमत अशी की त्यांचं हृदय चांगलं निघालं. इतक्या बिघडलेल्या किडन्यांच्या मानानं तर फारच चांगलं, असं डॉक्टरीण म्हणाली. दुसरा कोणी असता तर पेढे वाटले असते. हे संध्याकाळी अंगणात येऊन बसले ते तोंड पाडून. मी विचारलं तर म्हणाले, "माह्यं चांगलं हाय. अब्बाचं नव्हतं, करीमचं नव्हतं. आता युनूसचं कोणासारखं हाय? माह्यासारखं, का त्याईच्यासारखं?" मग स्वतःच म्हणाले, "त्याले रक्तातल्या फरकाचा निकाल लागेपर्यंत थांबाचं कामच नाही. एका घरातले दोन मानसं असे गेले, त तिसऱ्यानं उठून छाती दाखवावी, एवढं त बिनाशिकेल्या मानसालेही समजते." पण युनूस तुकडीकडे फिरकला नाही. त्या दिवसांत तो गॅरेजही बंद ठेवून कुठं तरी निघून गेला.

तो नुसता घाबरत होता असं नाही. त्याची मुलगी शबाना लग्नाची होती, आणि पांढरकवड्याच्या एका चांगल्या घरची सोयरीक जुळत आली होती. आमच्याकडे सोयरीक म्हटली की मुलीच्या रंगाच्या आधी घराण्याची बिमारी विचारतात. कोणाला कोड आहे का, कोणाला फिट येते का, कोण कशानं गेलं. बाप दवाखान्यात छाती दाखवायला गेला हे पांढरकवड्याला कळायला एक एसटी पुरे. "बेटी की बात है, भाईजान. आप चुप रहो," युनूसनं सरांना हात जोडून सांगितलं. आणि सर गप्प राहिले. मला त्यांचा इतका राग आला! साऱ्या जगाला शिकवणारा माणूस, आणि सख्ख्या भावापुढे तोंड शिवून बसला, असं मी त्यांना तोंडावर म्हटलं. ते नुसते खिशातली सरकी चाळवत बसले.

मंगनीच्या दिवशी दुपारी पांढरकवड्याची मंडळी आली. बाहेरच्या खोलीत पुरुष, आत बायका, मधे पडदा. शबाना माझी विद्यार्थिनी, म्हणून मलाही बोलावणं होतं. मी तिच्या शेजारी पडद्याला लागून बसले होते. बाहेर मुलाचे वडील, मुलाचे मामा, युनूस, आणि घरातले सगळ्यात मोठे म्हणून मधोमध शेख सर. मुलाची म्हातारी दादी तेवढी बायकांत न बसता पुरुषांतच खुर्ची टाकून बसली होती, आणि तिला उठवायची कोणाची छाती नव्हती. शरबत झालं, खाणं झालं. मुलाच्या वडिलांनी रीतीप्रमाणे विचारलं, "बाकी घर में सब खैरियत?"

रीतीप्रमाणे यावर अल्लाचा करम म्हणून पुढे जायचं असतं. सरांनी पेला खाली ठेवला आणि म्हणाले, "नाही. सब खैरियत नाही." आणि मग हिंदी-मराठीची सरमिसळ करत, वर्गात सांगावं तसं शांतपणे सगळं सांगितलं. वडील कसे गेले. करीम कसा गेला. माझ्या किडन्या किती उरल्यात. माझं हृदय चांगलं निघालं. आणि हा माझा भाऊ, याचं मला माहीत नाही, कारण तो दाखवत नाही, आणि तुमच्या भीतीनं दाखवत नाही.

युनूसचा चेहरा मला पडद्यातून दिसत होता. इतका पांढरा पडला होता की मला वाटलं, हा आत्ता इथंच कोसळतो आणि सरांच्या म्हणण्याचा पुरावा देतो. मी शबानाचा हात धरला, तर तिनंच माझा हात दाबला. "मीनंच सांगतलं मॅडम, बडे अब्बाले," ती सरांकडे बोट करून कुजबुजली. "त्याईनं काल मले विचारलं होतं, सोयरीक मोडू शकते, सांगू का? मी म्हटलं, सांगा. अब्बा राह्यले पाह्यजे." तेवढं बोलून ती मान खाली घालून बसली. मला तिचा पापा घ्यावासा वाटला.

बाहेर मुलाच्या मामानं घसा खाकरला. "हमारे यहाँ भी... शक्कर तो है," तो म्हणाला. "मेरे को है, मेरी बहन को है." मुलाचे वडील म्हणाले, "मेरा बीपी." कोणी म्हणालं, चाचाचा पाय कापला होता. एकानं सुरुवात केल्यावर मग थांबेनात. दहा मिनिटांपूर्वी दोन्ही घरं ठणठणीत होती, आता कोणाच्या घरची बिमारी मोठी याचीच चढाओढ लागली. आत बायका तोंडाला पदर लावून हसत होत्या. दादीनं सगळ्यांना बोलू दिलं आणि मग काठी जमिनीवर आपटली.

"लडकी मेरे को पसंद है," ती युनूसकडे बघून म्हणाली. "मगर तारीख अभी नहीं निकलेगी. पहले तू जा के दिल दिखा. बिना बाप की दुल्हन मैं नहीं ले जाती."

झालं. ज्या सोयरिकीच्या भीतीनं युनूस दवाखान्यात जात नव्हता, त्याच सोयरिकीसाठी त्याला जावं लागलं. नागपूरला जाताना गाडीत तो सरांशी अवाक्षर बोलला नाही, तोंड फिरवून बसला होता, असं सरांनीच मला सांगितलं. तिथं एक रक्तवाहिनी जवळजवळ बंद निघाली. किडनीही बिघडायला नुकती कुठं सुरुवात झालेली दिसत होती. मुकुटबनचं पाणी सोडून एवढी वर्षं झाल्यावर! किडनी सांभाळत डॉक्टरांनी रक्तवाहिनीत स्प्रिंग बसवली आणि म्हणाले, आणखी थोडे दिवस असेच काढले असते तर इथपर्यंत पोचला नसता. सर परत आले आणि माझ्या अंगणात बसून लहान मुलासारखे रडले. मी पाणी दिलं तर रडता रडता म्हणाले, "अर्धाच गिलास द्या, भूगोल. आजच्या हिशेबातलं संपलं."

युनूसनं कधी आभार मानले नाहीत. तो त्याचा स्वभाव नव्हता. खर्रा सुटला, मीठ सुटलं, आणि दर शुक्रवारी नमाजानंतर सरांची लुना न सांगता गॅरेजमध्ये नेऊन पुसून आणायचा. शबानाचं लग्न झालं त्या दिवशी बिदाईच्या वेळी तो इतका ओक्साबोक्शी रडला की दादीनं त्याला दटावलं, दिल संभाल. पुढे सरांना डायलिसिस सुरू झालं आणि दर खेपेला यवतमाळला त्यांच्यासोबत जायचं काम युनूसनं स्वतःकडे घेतलं. सरांच्या बायकोला जाऊ दिलं नाही, पोरांना नाही, मला तर नाहीच. त्या तुकडीच्या तपासणीतून शेवटी काय निघालं ते आम्हाला कळलं नाही. सर म्हणायचे, निघेल, अशा गोष्टींना वेळ लागतो, माझं रक्त तिथं कामाला लागलंय. काही वर्षांनी सर गेले. अंगात जंतू शिरून ताप आला आणि उतरलाच नाही. हृदय मात्र शेवटपर्यंत साथ देत होतं, असं डॉक्टर म्हणाले. मला त्याही दिवशी त्यांचा राग आला, की आता माझा डबा कोण ऐकणार.

त्याआधीच्या उन्हाळ्यात मी त्यांना शेवटचं हिंडतं-फिरतं पाहिलं. मी वणीला जायला बसस्टँडवर उभी होते. समोर यवतमाळची गाडी लागलेली होती आणि खिडकीत हे दोघे भाऊ. युनूस पहाटेपासून कोणाच्या तरी ट्रॅक्टरखाली राबून आला असावा, हाताला ऑईल तसंच होतं. मान सरांच्या खांद्यावर टाकून, तोंड उघडं ठेवून गाढ झोपला होता. सरांनी दोन बोटं त्याच्या मनगटावर ठेवली होती आणि डोळे स्वतःच्या घड्याळावर. डायलिसिसला हे निघाले होते आणि नाडी त्याची बघत होते. मी खिडकीखाली जाऊन हाक मारणार तोच त्यांनी दुसरा हात वर करून मला थांबवलं. मी थांबले. घड्याळातला काटा पुरा फिरेपर्यंत ते वर बघेनात. मग त्यांनी त्याचं मनगट हळूच त्याच्या मांडीवर ठेवलं, माझ्याकडे पाहून मान हलवली आणि ओठांनी नुसतं म्हणाले, "चालू हाय." गाडी सुटली तरी युनूस झोपूनच होता.